ओढा कोणाच्या वाट्याला

एकोणीसशे सेहेचाळीसच्या वसंतात आमच्या भागातल्या लोकांनी मला चेटकीण ठरवलं, आणि मका काढायची वेळ येईपर्यंत त्याच लोकांनी मला देवमाणूस करून टाकलं. दोन्ही खोटं. मी आल्मा क्विस्ट, वय तेव्हा त्रेसष्ट, नवरा गेलेला, मूल नाही, आयोवातली एकशेसाठ एकर जमीन आणि अकरा कालवडी. जे केलं ते मी कालवडींसाठी केलं. त्यातून मर्लचं काही भलं झालं असेल तर ते चुकून झालं, आणि चुकून झालेल्या गोष्टीचं पुण्य मी घेत नाही.

मर्ल हा माझ्या पश्चिमेच्या शेजाऱ्याचा, गस डॉर्नबुशचा एकुलता एक मुलगा. बेचाळीसला लढाईवर गेला, पंचेचाळीसच्या नोव्हेंबरात इटलीहून परत आला. हातपाय धड, डोळे धड. त्याच्या आईने, लेनाने, चर्चमध्ये सगळ्यांना केक वाटला. मग हळूहळू लोकांच्या लक्षात आलं की मर्ल रस्त्याने चालतो, घरापासून गोठ्यापर्यंतच्या पायवाटेने चालतो, पण शेतात पाऊल टाकत नाही. तिकडे तो जमिनीत पुरलेले सुरुंग काढणाऱ्या तुकडीत होता. दोन वर्षं गुडघ्यांवर बसून सळईने माती टोचत होता. आता मोकळी भुसभुशीत माती दिसली की त्याचे पाय जागच्या जागी थिजायचे. हे लेनाने सांगितलं. मला नव्हे, तिच्या बहिणीला, फोनवर. पण आमच्या फोनच्या एकाच तारेवर आठ घरं होती, आणि दुसऱ्याचं बोलणं चालू असताना रिसीव्हर उचलायचा नाही असा कायदा अजून झालेला नव्हता.

गसची कंबर गेलेली. त्याने ठरवून टाकलं होतं की मर्लच्याने शेती होत नसेल तर मे महिन्याच्या मध्याला जमीन शहरातल्या एका धान्यवाल्याला देऊन मोकळं व्हायचं आणि शहरात दोन खोल्या घेऊन राहायचं. बोलणी झाली होती, सह्या तेवढ्या बाकी होत्या. मर्ल म्हणाला होता, "तुम्ही म्हणाल तसं." त्या दिवसांत तो सगळ्यालाच असं म्हणायचा.

एप्रिलची दहा तारीख उलटली तरी डॉर्नबुशांच्या शेतात नांगर दिसेना. तेव्हा आमचे लोक अशा वेळी जे करतात तेच त्यांनी केलं. एका सकाळी अकरा ट्रॅक्टर आणि घोड्यांच्या दोन जोड्या त्याच्या दारात. बायका हॅम आणि बटाटे घेऊन स्वयंपाकघरात. संध्याकाळपर्यंत ओटचं सगळं धान्य पेरून झालं. इतक्या चांगल्या कामाला नावं ठेवणाऱ्याची जीभ झडावी, पण मी गेले नाही. कारण आमच्याकडे हे कोणासाठी करतात? ज्या घरातला माणूस मेला त्या घरासाठी. माझा नेल्स गेला त्या ऑक्टोबरात माझ्यासाठीही केलं होतं. दुसरे लोक माझा मका काढत होते आणि मी खिडकीत बसून बघत होते, आणि मला वाटत होतं की हे नेल्सबरोबर मलाही पुरून आलेत. तो अख्खा हिवाळा मी घराबाहेर पडले नव्हते.

त्या दिवशी मर्लही खिडकीत बसून होता, असं नंतर कळलं. सव्वीस वर्षांचा घोडा.

आता कुंपणाचं सांगते. आमच्या आणि त्यांच्या शेतामध्ये अर्ध्या मैलाचं काटेरी तारेचं कुंपण आहे. रीत अशी की दोघा शेजाऱ्यांनी कुंपणाच्या मधोमध समोरासमोर तोंड करून उभं राहायचं, आणि ज्याच्या उजव्या हाताला जो अर्धा भाग येईल तो त्याने कायमचा सांभाळायचा. माझ्या वाट्याला उत्तरेचा भाग आला, सरळ आणि कोरडा. गसच्या वाट्याला दक्षिणेचा, आणि त्यात ओढा. ओढ्यावरचं कुंपण म्हणजे डोक्याला ताप, दर वसंतात पुराबरोबर वाहून जातं. गस म्हणायचा ओढा निम्मानिम्मा वाटून घेऊ. नेल्स म्हणायचा, आणि त्याच्यामागे मी म्हणत राहिले, की तुझ्या नशिबाचा ओढा तूच निस्तर. एवढ्यावरून पंधरा वर्षं दोन घरांत बोलणं बंद होतं. ओढा डॉर्नबुशांचा, हे सगळ्या भागाला पाठ होतं.

एप्रिलच्या शेवटी मी कालवडी कुरणात सोडल्या. तिसऱ्या दिवशी अकराच्या अकरा ओढ्यातल्या पडक्या कुंपणातून पलीकडे गेल्या आणि डॉर्नबुशांच्या कोवळ्या ओटात चरत उभ्या. मी काठी घेऊन गुडघाभर पाण्यातून त्यांना हाकत आणलं, चिखलात एक बूट गमावला, आणि अंगाचा नुसता तिळपापड झाला. ओल्या मोज्यांनीच फोनपाशी गेले.

"लेना, मर्लला दे."

"आल्मा? तू?" पंधरा वर्षांनी माझा आवाज ऐकून बिचारी दचकलीच. "अगं, तो जरा पडलाय."

"मग उठव."

तारेवर तीन-चार रिसीव्हर उचलल्याची खुडखुड झाली. मग मर्लचा आवाज आला.

"बोला, आल्माकाकू."

"तुमच्या वाट्याचं कुंपण पडलंय. माझ्या कालवडी तुमच्या ओटात होत्या. शनिवारपर्यंत उभं कर, नाहीतर टाउनशिपच्या पंचांना बोलावून निवाडा करून घेईन."

"बाबांची कंबर..."

"बाबांची गेली, तुझी आहे ना जाग्यावर?"

तेवढ्यात तारेवरून हर्शेल बोलला. हा रस्त्यापलीकडचा, दुसऱ्याच्या फोनमध्ये तोंड घालायची त्याला जन्माची खोड. "आल्मा, त्या पोराच्या मागे कशाला लागतेस? उद्या मी आणि माझा भाऊ येऊन उभं करून देतो की."

"हर्शेल, फोन ठेव. त्या कुंपणाला डॉर्नबुशांशिवाय कुणी हात लावला तर त्यालाही पंचांपुढे उभा करीन."

मग मर्ल म्हणाला, "शनिवारी येतो," आणि त्याने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाद्रीसाहेबांची बायको हजर. कॉफी पुढे ठेवली तर तिने हातही लावला नाही.

"आल्मा, लाज वाटू दे. तो मुलगा लढून आलाय."

"लढून आलाय ना? मरून तर नाही ना आला? मग तुम्ही सगळे त्याच्याशी मयताच्या घरी बोलल्यासारखं हळू का बोलता?"

"तुझ्या जिभेला काही हाड?"

"असतं तर आतापर्यंत झिजलं असतं," मी म्हटलं. ती उठून गेली.

तोंडाने मी तिखट, पण शुक्रवारी दोनदा फोनपाशी गेले, की सांगावं राहू दे बाबा, माझा मी माणूस लावते. हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं. आणि त्याला काही झालं असतं तर त्या लेनाला मी कुठल्या तोंडाने भेटले असते?

शनिवारी सकाळी अंगणातून पाहिलं तर मर्ल आलेला. कुंपणाच्या मध्याजवळ, त्याच्या बाजूला, न नांगरलेल्या गवताच्या बांधावर. खांब नाही, तार नाही, हातोडा नाही. हातात एक लांब सळई. तो गुडघ्यांवर बसला, सळई तिरपी धरून मातीत हळूच खुपसली, काढली, वीतभर पुढे सरकला, पुन्हा खुपसली. मी बघतच राहिले. तासभर झाला, दोन तास झाले, तरी तेच. मला वाटलं, झालं, माझ्यामुळे हा पोरगा परत इटलीत गेला. मला रडू फुटलं. तशीच डोळे पुसत, दुखऱ्या गुडघ्यांनी जमेल तेवढी भराभर कुंपणाकडे निघाले.

मी पोचले तेव्हा तो फावड्याने गाळ उपसत होता. कपाळावरून घाम गळत होता, पण उपसत होता. खड्ड्यात एक चौकोनी पांढरा दगड दिसायला लागला.

"काकू, हा काय आहे?"

"दगड आहे."

"मधला दगड आहे. आजोबांनी पुरलेला. चव्वेचाळीसचा पूर आईने पत्रात कळवला होता. त्यात हा गाळाखाली गेला, आणि तुम्ही सगळे अंदाजाने चालायला लागलात. या, माझ्यासमोर उभ्या राहा. तिथे नाही, बरोबर दगडापुढे."

राहिले उभी. मध्ये तार.

"आता उजवीकडे बघा. ओढा कुठे आहे?"

मी उजवीकडे बघितलं. ओढा तिथेच होता, चाळीस पावलांवर. माझ्या उजव्या हाताला.

"त्या पुरात ओढ्याने वळण तोडून उत्तरेला नवी वाट काढली," मर्ल म्हणाला. "दोन वर्षं झाली, तो तुमच्या वाट्यात वाहतोय. म्हणजे कालवडी तुमच्या, पडलेलं कुंपण तुमचं, आणि खाल्लेले ओट आमचे. आता पंचांना कुणी बोलवायचं, तुम्ही का मी?"

मी इतक्या सहज हार मानली असती तर क्विस्टांचं नाव कशाला लावलं असतं? "हा दगड तूच आता पुरला नाहीस कशावरून?"

मग मात्र त्याचा तोल गेला. चेहरा लालबुंद. "तीन तास! तीन तास मी गुडघ्यांवर रांगतोय! प्रत्येक वेळी सळई कशाला लागली की माझं काळीज तोंडात येतंय, आणि तुम्ही मला लबाड म्हणता? पंधरा वर्षं आमच्या बाबांना छळलंत, आमच्या घरी जेवताना दुसरा विषय नव्हता, आणि वर फोन करून सगळ्या गावादेखत मलाच..." तो हातवारे करत मागे-पुढे येरझारा घालत होता आणि मला खडसावत होता. मला आयुष्यात कुणी इतकं बोललं नव्हतं, आणि कधी इतकं बरंही वाटलं नव्हतं.

बोलता बोलता तो चार-पाच पावलं मागे गेला होता. ओटात, पेरलेल्या मऊ जमिनीत. त्याचे बूट मातीत रुतले होते. त्याला ते कळलं तसा तो एकदम थांबला आणि खाली बघत राहिला. मी काही बोलले नाही, आणि गप्प बसणं मला एवढं जड कधी गेलं नसेल. तो हलला नाही. मग त्याने एक पाय उचलला, शेजारी ठेवला. मग दुसरा. तिथेच, ओटातच.

"बरं," तो म्हणाला, आवाज बसलेला. "ओढ्यावर कुंपण कसं घालणार तुम्ही?"

"कसं म्हणजे? ओढ्यात खांब ठोकून. नेहमीसारखं."

"म्हणजे पुढच्या पुरात पुन्हा वाहून जाणार, आणि मी म्हातारा होईपर्यंत तुमच्या कालवडी हाकत बसणार." तो ओढ्याकडे बघत होता. "दोन काठांवर दोन जाड खांब हवेत. मध्ये लोखंडी दोर ताणायचा आणि त्याला फळ्या टांगायच्या. पाणी चढलं की फळ्या वर उचलल्या जातील, उतरलं की आपोआप खाली."

"मग एवढं कळतंय तर तूच घाल."

"घालतो. पण मग ओढा आमच्या वाट्याला लिहून द्या. बदल्यात आमच्याकडचं तेवढंच कोरडं कुंपण तुम्ही घ्या. कागद करून कौंटीच्या कचेरीत नोंदवायचा, म्हणजे पुन्हा कटकट नको."

"अरे पण तुम्ही तर मेमध्ये..."

"बाबांची सही लागेल," तो माझं बोलणं तोडून म्हणाला. "चला."

पंधरा वर्षांनी मी लेनाच्या स्वयंपाकघरात पाय ठेवला. तिच्या हातातलं फडकं खाली पडलं. मर्लने टेबलापाशी बसून एका कागदावर सात-आठ ओळी लिहिल्या आणि बापापुढे सरकवल्या. गसने चष्मा लावला. वाचलं. चष्मा काढला.

"देवाने स्वतः पूर पाठवून तो ओढा या बाईच्या गळ्यात बांधला," गस गरजला, "आणि तू तो मागून घेतोस? अक्कल काय इटलीत ठेवून आलास?"

"गस!" लेनाने तोंडावर हात ठेवला. नोव्हेंबरपासून त्या घरात कुणी आवाज चढवला नव्हता. भांडीसुद्धा हळू ठेवायचे.

"तुमचं कुंपण दर वर्षी वाहून जायचं, कारण तुम्ही गाळात खांब ठोकायचात!" मर्लने टेबलावर हात आपटला. "मी सोळा वर्षांचा असताना सांगितलं होतं, दोर लावा म्हणून!"

"सोळाव्या वर्षी तुला नाक पुसता येत नव्हतं!"

"पण ओढ्याचं कळत होतं!"

"मला नको शिकवूस! चाळीस वर्षं बघतोय मी त्या ओढ्याला!"

"बघतच बसलात!"

लेनाने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून वाहत होते आणि ओठ हसत होते. तिने चार कप मांडले आणि बापलेकांच्या आरडाओरड्यात सावकाश कॉफी ओतायला लागली.

शेवटी गसला धाप लागली. तो खुर्चीला टेकला. "समज, तू घातलंस. आज हौस आहे, घालशील. मी आणखी किती वर्षांचा? नंतर कोण बघणार त्या ओढ्याकडे? तो धान्यवाला?"

"मी बघणार," मर्ल म्हणाला. "दुसरं कोण?"

गसने कागद पुन्हा हातात घेतला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागला, जसं काही त्यात नवीन लिहिलेलं होतं. मग चष्मा नसल्याचं त्याच्या लक्षात आलं असावं, कारण त्याने कागद खाली ठेवला. लेनाने पेन दिलं. त्याने सही केली, मग मी केली. मर्ल कागदाची घडी घालायला लागला तर गसने त्याचं मनगट धरलं.

"थांब. खाली तुझं नाव लिही."

"मालक तुम्ही आहात, बाबा. माझी सही लागत नाही."

"लिही म्हटलं ना."

मर्लने लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं आलं, पण वाचता येत होतं. मग लेनाने मला विचारलं, कॉफीत साखर अजून तेवढीच घेतेस का, आणि मी म्हटलं, हो, दोन चमचे.