सोंडेच्या जागी शिंगं

चंद्राबाईंनी चुन्याच्या बादलीत कुंचा बुडवला, काठावर निथळू दिला आणि भिंतीवरच्या पोपटावरून सरळ खाली ओढला.

पुस्तकावर बसलेला तो हिरवा पोपट म्हणजे पुण्यातल्या एका संस्थेचं बोधचिन्ह. संस्था मुलांसाठी चित्रांची पुस्तकं काढायची. बाईंच्या संध्याकाळच्या वर्गातल्या पोरांनी त्यातली चित्रं वाडीच्या समाजमंदिराच्या भिंतीवर रंगवली होती आणि शोभेला म्हणून वर पोपटही. तोरण्यावर निघालेल्या कुणीतरी भिंतीचा फोटो मोबाईलवर टाकला, तो फिरत फिरत संस्थेपर्यंत पोचला. मग ग्रामपंचायतीतल्या सोमनाथला फोन आला. बोधचिन्ह परवानगीशिवाय वापरता येत नाही. आम्ही उद्या भिंत बघायला येतो.

"समदंच पांढरं करा बाई," बादली टेकवत सोमनाथ म्हणाला होता. "जल्मभर पोरांचे कान धरलेत. आता म्हातारपणी तुमचे कुणी धराया नको."

बाईंना हसू आलं नव्हतं. दुसऱ्याची पेन्सिलसुद्धा विचारल्याशिवाय घ्यायची नाही, हे त्यांनी वेल्ह्याच्या शाळेत नोकरीभर शिकवलं होतं. इथे तर अख्खी भिंत न विचारता भरलेली. चित्रांविषयी संस्था काय म्हणते, हे सोमनाथला विचारावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. उलट वाटलं, पोरांच्याच हातून होऊ दे, म्हणजे लक्षात राहील.

त्यांनी कुंचा स्वप्नालीला दिला. वरच्या धनगरवाड्यातली ही पोर बोलायची कमी. तिची म्हैस पोपटाच्या खालीच उभी होती, लाल टोपी घालून.

"बाई, म्हस बी त्यांचीच हाय व्हय?"

"पुस्तकात बघूनच काढलीस ना?"

"पुस्तकात हत्ती हुता. म्या हत्ती कुठं बघितलाय? सोंडेच्या जागी शिंगं काढली. ही आमची चांदी हाय."

"चांदी टोपी घालून चराया जाती व्हय गं?" वर्गातला सार्थक मागून म्हणाला, आणि पोरं खिदळली.

"टोपी पुस्तकातली हाय," स्वप्नाली बाईंकडे बघत म्हणाली. "मग टोपीच पुसू का?"

बाईंनी बादली तिच्याजवळ सरकवली.

"सगळंच पूस, बाळा."

स्वप्नालीने टोपी पुसली, पाठ पुसली, पाय पुसले. कपाळावरचा पांढरा ठिपका पुसायची गरज नव्हती. भोवतीचा काळा रंग गेल्यावर तो आपोआप दिसेनासा झाला.

दुसऱ्या दिवशी संस्थेतल्या सोनियाताई आल्या. समाजमंदिराच्या पांढऱ्या भिंतीवरून त्यांनी हात फिरवला.

"बाई, फक्त पोपट काढायचा होता," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "शिकवण्यासाठी चित्रं वापरायला आमची मनाई नसते. खाली पुस्तकाचं नाव लिहिलं की झालं."

सोमनाथ चपलेने माती उकरू लागला.

"आणि ती म्हैस आमची नव्हतीच. फोटोत अर्धीच आली होती, म्हणून मुद्दाम बघायला आले. आम्हाला ती नव्या पुस्तकात घ्यायची होती. जिने काढली तिची आणि तिच्या घरच्यांची परवानगी हवी होती."

बाईंनी स्वप्नालीला पुढे बोलावलं. सोनियाताई तिच्यापुढे उकिडव्या बसल्या, तिच्या हातात रंगीत खडू ठेवले, मांडीवर कोरा कागद धरला.

"तुझी चांदी परत काढशील?"

स्वप्नालीने काळा खडू उचलला. कागदाशी नेला आणि तिथेच धरून ठेवला. मग मान वळवून बाईंकडे पाहिलं.

"बाई, कुणाला इचारू?"

"कुणाला नाही गं. तुझीच आहे ती. काढ."

पोरीने मान डोलावली. खडू मात्र कागदाला टेकला नाही.

बाई तिच्याजवळ बसल्या. खडू धरलेल्या त्या बोटांच्या नखांत कालचा चुना वाळून बसला होता. त्यांनी पदराचं टोक ओलं केलं आणि एकेक बोट पुसायला घेतलं.