हिरवे केस

नानांनी बाही कोपराच्या वर सारली, हात माशांच्या काचेच्या टाकीत घातला आणि जुन्या टूथब्रशने खडक घासायला घेतला. केसांसारखे हिरवे तंतू सुटून खाऱ्या पाण्यात तरंगू लागले. ते नळीने ओढून घेता घेता नानांचा जीव मेटाकुटीला आला. मागच्याच आठवड्यात हा खडक लख्ख केला होता. आता शेवाळ थेट प्रवाळाला जाऊन भिडलं होतं, आणि प्रवाळ अंग चोरून बसलं होतं.

उभी हयात त्यांनी लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवली होती. बिघाड आहे म्हणजे कारण असणारच, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी दिवा कमी वेळ लावून पाहिला, पाणी बदललं, शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी आणून सोडल्या. शेवाळाने कशालाच भीक घातली नाही.

“खाणं जास्त पडतंय,” मासे विकणारा दुकानदार म्हणाला. “उरलेलं कुजतं, त्यावर हे पोसतं.”

“दिवसातून एकदा, चिमूटभर. त्यापलीकडे एक दाणा नाही.”

“मग घरात दुसरं कोणीतरी घालतंय, नाना.”

घरात दुसरं कोण? बायको. नानांनी घरी येऊन विचारलं तेव्हा ती भाजी चिरत होती.

“मी कशाला घालू?” ती म्हणाली. सुरी थांबली. मग ती पुन्हा चिरू लागली.

नानांचा संशय फिटला नाही. त्यांनी खाण्याचा नवाकोरा डबा कपाटात कुलूपबंद केला आणि किल्ली खिशात टाकली. आता बघू म्हणावं.

शेवाळ आलंच. आणि एका सकाळी डबा हातात घेतला, तर आतलं खाणं तळाला गेलेलं. नानांनी खिसा चाचपला. किल्ली जागच्या जागी होती. डबा मांडीवर घेऊन ते टाकीसमोर बसून राहिले.

बायको हात पुसत बाहेर आली.

“हा संपला कसा?” त्यांनी विचारलं.

“तुम्हीच घालताय.”

“मी एकदाच घालतो.”

“आज तीनदा झालं.”

नानांनी पाण्याकडे पाहिलं. दाणे अजून वरच फिरत होते. माशांनी त्या दाण्यांकडे पाठ फिरवली होती.

“मग मला सांगायचं नाही का?”

“सांगितलं,” ती हळू आवाजात म्हणाली. “तिन्ही वेळा.”

नाना हसायला गेले, पण ते जमलं नाही. त्यांनी बोटं नाकाशी नेली. बोटांना माशांच्या खाण्याचा ताजा वास होता. तिने खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी घेतली. नानांनी डब्याचं झाकण लावून तो खाली ठेवला.

“माझा चहा पिऊन झालाय का?” शेवटी त्यांनी विचारलं.

ती क्षणभर थबकली.

“नाही,” ती म्हणाली. “बसा, आणते.”

नानांनी तिच्या चेहऱ्याकडे नीट निरखून पाहिलं. मग मान डोलावली.