सर्वांत लहान लेकुरवाळी

"माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलंय, नलिनीबाई?" आमच्या अंधेरीच्या शाळेत गणित शिकवणारे मार्तंड सर उत्क्रांतीचा धडा आला की दरवर्षी स्टाफरूममध्ये हा प्रश्न टाकायचे. मीही दरवर्षी तेच उत्तर द्यायचे. उत्क्रांतीला लाखो वर्षं लागतात, ती डोळ्यांना दिसत नसते.

"म्हणजे कधीच दिसणार नाही," सर बशीत चहा ओतत म्हणायचे. "सोयीचं आहे."

माझं डोकं फिरायचं. जीवशास्त्राची बाई मी, आणि चौदा वर्षांत या माणसाचं तोंड मला बंद करता आलं नव्हतं.

म्हणूनच असेल, पण शहाऐंशीच्या फेब्रुवारीत वर्सोव्याच्या बाजारात सोनूबाई कोळीण म्हणाली की पापलेट आता लहानपणीच गाबोळी, म्हणजे पोटात अंडी, धरायला लागलंय, तेव्हा मी तिच्यावरच उखडले.

"मोठे मासे तुम्हीच पकडून संपवलेत. उरले लहान, म्हणून लहानच दिसतात."

"मोठी सरली ते मना म्हाईत हाय गो," ती शांतपणे म्हणाली. "मी सांगतंय ते येगळं. येवढं पापलेट पयले पोर असायचं. आता तेच आई हाय. रविवारी आमच्या मच्छीमार सोसायटीची सभा हाय, तिथं येऊन सांग."

सभेत जाळ्यांचा निकाल लागायचा होता. तिचा मुलगा महादू आणि त्याच्या बरोबरीचे तरुण पुढच्या मोसमाला बारीक भोकाची जाळी घ्यायची म्हणत होते. लहान पापलेटातही गाबोळी सापडते, म्हणजे ते पुरं वाढलेलंच, मग धरायला हरकत काय, असं त्यांचं म्हणणं. सोनूबाईचं म्हणणं उलटं. आपल्या जाळ्यांनीच मासा असा झालाय, आणखी बारीक जाळी लावली तर दर्यात काही उरणार नाही. पण ती बोलली की म्हातारी बडबडते म्हणून पोरं उठून जायची.

"तू शिकलेली. तुझं ऐकतील."

"अगं, दोन पिढ्यांत असं काही होत नसतं," मी चार गिऱ्हाइकांदेखत तिला फटकारलं. "लाखो वर्षं लागतात."

तिने माझं पापलेट पिशवीत टाकलं आणि म्हणाली, "मंग घरी येऊन बघ."

गेले, तेही तिला खोटं पाडायलाच. तिच्या देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला एक तार होती आणि तारेत ओळीने एकेचाळीस दोऱ्या ओवलेल्या होत्या. त्या घरची रीत अशी, की नारळी पुनवेनंतरच्या पहिल्या खेपेतली गाबोळीवाली पापलेटं निवडायची. पोट अंगठ्याने दाबलं की घरच्या बायकांना कळतं. त्यातली सर्वांत लहान जी असेल तिला हळदकुंकू लावून, ओटी भरून दर्यात परत सोडायचं. जिवंत असो की नसो, पहिलटकरणीचा मान तिचा. आणि सोडण्याआधी जाळ्याच्या दोरीने तिची लांबी घेऊन ती दोरी ठेवून द्यायची. सोनूबाई नवी नवरी असताना सासूने सुरू केलं, सासूमागे सोनूबाईने चालवलं. एकही वर्ष चुकलं नव्हतं.

सर्वांत मोठा मासा कोणीही मिरवेल. सर्वांत लहान आई मोजायची अक्कल या दोन निरक्षर बायकांना होती, आणि मासा केवढा असताना आई होतो, हा विचारायला हवा तो प्रश्न नेमका तोच होता. मला माझी लाज वाटली आणि त्यांचा इतका अभिमान वाटला, की डोळ्यांत पाणी आलं.

रविवारी सभेत मी दोऱ्या चटईवर मांडल्या. सासूच्या जुन्या दोऱ्या सोनूबाईच्या दोऱ्यांपेक्षा जेमतेम बोटभर लांब भरल्या. "पोटाला कमी मिळत असेल, पाणी बदललं असेल, तेही असू शकतं," मी खरं ते सांगितलं. "मी शपथेवर काही सांगत नाही."

महादूला तेवढंच हवं होतं. "बोटभर! बोटभरासाठी आमी जाळी सोडायची?" तो उठून उभा राहिला. "आन् आजीच्या दोऱ्या सुताच्या. माप घेतल्यावर कुजू नयेत म्हणून जाळ्यांसंगत झाडाच्या सालीच्या काढ्यात उकळलेल्या. उकळलं की सूत आखडतं, ह्ये पोरासोरांनाबी म्हाईत हाय. आईच्या नायलॉनच्या, त्या आखडत न्हाईत. त्यांचा मेळ कसा घालायचा?"

मग अध्यक्ष रामनाथ, होडीवर म्होरक्या म्हणून जन्म काढलेला सत्तरीचा तांडेल, खो खो हसायला लागला.

"महादू, अरे आखडलेली दोरी जर बोटभर लांब, तर मूळचा मासा केवढा असंल?"

मला हे सुचलं नव्हतं. मी फूटपट्टी घेऊन दोन दिवस त्या दोऱ्या मोजत होते, पण सूत उकळतात हे मला कुठे ठाऊक?

सोनूबाई पदर खोचून उभी राहिली. यावेळी कोणी उठून गेलं नाही.

"जाल्याचं भोक चार बोटांचं. जी मोठी झाल्यावर आई व्हायची, ती आई व्हायच्या आधीच टोपलीत आली. जी लहानपणीच आई झाली, तिचीच पोरं दर्यात र्‍हायली. आन् पोरं आईवर जातात. उद्या भोक दोन बोटांचं करा, मासा आणखी ल्हान व्हईल. मंग तुमी एक बोटाचं कराल. मंग?"

जो धडा मी दोन तास खडू झिजवून शिकवते, तो तिने एका दमात संपवला होता.

रामनाथने हात वर करायला सांगितलं. म्हाताऱ्यांचे आधी आले, मग बायकांचे, मग एकेक करत तरुणांचे. महादूचा शेवटी आला, अर्धाच, मान खाली घालून. जाळी चार बोटांचीच राहिली. सोनूबाईने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, दोऱ्या गोळा करत होती. त्यातली पहिली आणि शेवटची तिने माझ्या हातात ठेवली. "पोरांना दाखव. पन परत आन, पुनवेला लागतील."

सोमवारी मी त्या दोन दोऱ्या मार्तंड सरांच्या टेबलावर ठेवल्या.

"हे काय?"

"कोणी पाहिलंय, विचारत होतात ना? वर्सोव्याच्या एका सासूने आणि एका सुनेने."

सगळी हकीकत ऐकून सरांनी खिशातली पट्टी काढली, चष्मा वर सरकवला आणि दोन्ही दोऱ्या दोनदा मोजल्या. चहा तसाच निवत राहिला.

"फरक फार नाही," ते शेवटी म्हणाले, पण आवाज नेहमीचा नव्हता.

"सर," मी म्हणाले, "सूत आखडलेलं आहे."