क्लूनबेगला शून्य नको

आमच्या जुन्या भाषेत क्लून म्हणजे कुरण, बेग म्हणजे धाकटं. आमची वाडी क्लूनमोर, म्हणजे थोरलं कुरण. पण मोजायला गेलं तर धाकटं आमच्यापेक्षा नऊ एकर जास्त भरतं, आणि हे फिन्टन गॅलोग्ली मला चाळीस वर्षं ऐकवतोय. क्लूनबेगमध्ये तो एकटाच उरलाय, तेव्हा अख्ख्या वाडीचा तोरा त्यालाच मिरवावा लागतो.

बटाट्याचं पीक कुजून दुष्काळ पडला, त्याआधी तिथे अकरा घरं होती, त्रेसष्ट माणसं. काही उपासानं गेली, काही बोटीनं परदेशी. मग एकतीस राहिली, मग नऊ. मागच्या जनगणनेला एक.

यंदा जनगणनेच्या आठवड्यातच हा गडी बांधाचे दगड रचताना पडला आणि खुबा मोडून इस्पितळात जाऊन बसला. मी हॅमचं सँडविच घेऊन भेटायला गेले.

"अट्रॅक्टा, रविवारी रात्री माणूस जिथे झोपतो तिथेच त्याला मोजतात," तो म्हणाला. "मी मोजला जाणार इथे. क्लूनबेगला शून्य."

"मेंढ्या आहेत की एकोणीस."

तो हसला नाही. "शून्य पडलं की पुढच्या नकाशात नाव बारीक होतं. त्याच्या पुढच्यात नुसतं रान."

"मी झोपते तुझ्या घरी," मी म्हणाले.

"क्लूनमोरची बाई?"

"नको असेल तर शून्य घे."

"सत्तरीची विधवा बाई बाप्याच्या घरी झोपायला जाते," हे कळल्यावर माझी भावजय म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, क्लूनमोरची कटकट गेली."

रविवारी मी स्वतःच्या चादरी घेऊन गेले. फिन्टनच्या चादरींवर माझा विश्वास नाही.

दोन दिवसांनी मोजणीवाला फॉर्म न्यायला आला, तेव्हा मी तिथेच मुक्कामाला होते. "घरात एकूण किती?"

"एक."

"आणि वाडीत?"

"तेवढेच."

"गॅलोग्ली तुमचे कोण?"

"डोक्याला ताप."

"त्याला रकाना नाही, बाई," तो म्हणाला आणि गेला.

मी तशीच इस्पितळात गेले. "एक भरलं," मी सांगितलं.

फिन्टननं बोटांवर हिशेब केला. मग म्हणाला, "म्हणजे क्लूनबेगची सगळी जनता क्लूनमोरची."

"आणि जनतेची मान तुझ्या उशीनं धरलीय."

तो खुबा धरून हसला. "शुक्रवारी सोडतायत मला."

"बरं झालं. मग मी जाते माझ्या घरी."

"जाऊ नको." तो माझ्याकडे न बघता ब्लँकेटची दशी ओढत बसला. "पुढची मोजणी पाच वर्षांनी. तोवर मी चौऱ्याऐंशीचा होईन. एकाचा काय भरवसा? दोघं असलो तर एखादं तरी उरेल."

मला रडू आलं, आणि चाळीस वर्षं यानं नऊ एकरांच्या वादातच घालवली म्हणून रागही आला.

"तुला लग्न म्हणायचंय का, फिन्टन?"

"लोकसंख्या म्हणत होतो मी," तो म्हणाला आणि त्यानं माझा हात धरला.