हातभर भिंत

त्या दिवशी रक्त सांडलं ते हातभर चुन्यावरून. ऐकणाऱ्याला खोटं वाटेल, पण भाऊबंदकीत माणसं याहून कमी कारणावरून एकमेकांच्या अंगावर जातात.

मखमलाबाद रस्त्याला, भाजीच्या मळ्यात, भिमाजी आणि जयराम या सख्ख्या भावांचं दुमजली घर होतं. घर एक, वाटे दोन. समोरच्या भिंतीवर खालपासून गच्चीपर्यंत कोळशाची रेघ ओढलेली. उजवीकडे थोरल्या भिमाजीचं, डावीकडे जयरामचं. चार वर्षं बोलणं बंद होतं, शिव्या तेवढ्या चालू होत्या. भिमाजीच्या मुलीचं, मंजुषाचं लग्न आठ दिवसांवर आलं, म्हणून सत्त्याण्णवच्या मे महिन्यात त्याने आपल्या अर्ध्या भिंतीला चुना द्यायला पुंजा आणि कुसाबाईला बोलावलं.

ही नवराबायको हरसूलकडची. भात झोडून झाला की नाशकात उतरायची आणि पावसाच्या तोंडावर घरी परतायची. कुसाबाई खाली ड्रममध्ये चुना विरवायची, फडक्यातून गाळायची, त्यात नीळ आणि डिंक घालायची. पुंजा वर. गच्चीवरच्या टाकीच्या दोन खांबांना दोन दोर बांधायचे, त्यांना फळी लटकवायची आणि तिच्यावर बसून कुंचला चालवायचा.

पुंजाचा हात चांगला होता, पण कामापलीकडे डोकं म्हणून चालायचं नाही. उन्हाळ्यात चुना देताना भिंतीच्या मध्ये हात थांबवायचा नसतो. ओली कड बघता बघता सुकते आणि मग जोड दिसत राहतो. कोपरा नाहीतर खिडकी आली की मगच थांबायचं, हे त्याच्या हातात मुरलेलं. रेघ आली तरी कुंचला चालतच राहिला, थेट जयरामच्या खिडकीच्या चौकटीपर्यंत.

"अवो, रेघ मागं राहिली!" कुसाबाई खालून ओरडली.

"मधीच थांबलो तर जोड दिसंल ना!" पुंजा वरून म्हणाला. आपण फुकटात दोघांचंही भलं केलं, असं त्याला वाटत होतं. कुसाबाईला मात्र धडकी भरली. तिने भाऊ भांडताना पाहिले होते.

भर दुपारी जयराम कोथिंबीर विकून मार्केटातून आला. त्याने भिंतीकडे बघितलं, टेम्पोतला कोयता उचलला आणि गच्चीचा जिना चढू लागला.

"माझ्या भिंतीवर हक्क दाखवतो काय? उद्या घरात घुसशील!" तो चढता चढता भावाला ओरडला.

भिमाजी बांबू घेऊन मागोमाग धावला. कुसाबाईच्या हातात चुन्याचा भरलेला डबा होता. तो खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही. डब्यासकट ती जिन्याला लागली. तिला भावांचं काही पडलेलं नव्हतं. टाकीचे खांब गच्चीवर होते आणि त्या खांबांना तिचा नवरा लटकला होता.

ती वर पोचली तेव्हा भिमाजीचा बांबू जयरामच्या खांद्यावर बसला होता. जयराम वळला आणि कोयता फिरवला. भिमाजीचा हात कोपराखाली फाटला, रक्त गच्चीवर उडालं. बांबू टाकून तो हात धरून खाली बसला. मग जयरामने डावा दोर एका घावात तोडला.

कठड्याखालून पुंजाची किंकाळी आली. फळी उभी झाली होती, त्याच्याजवळचा डबा खाली फरशीवर आपटला होता आणि पुंजा उरलेल्या दोराला दोन्ही हातांनी चिकटला होता.

"जयरामभाऊ, त्याचा काय गुन्हा हाय? मान्सं हाय आमी!" कुसाबाई ओरडली.

जयरामने ऐकलंच नाही. उजव्या दोरावर कोयता उगारला. कुसाबाईने डबा त्याच्या तोंडावर रिकामा केला.

जयराम गुरासारखा ओरडला. कोयता गळाला, तो डोळे धरून लोळू लागला. कुसाबाई कठड्याला ओणवी झाली. जन्मात कधी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं, ते त्या वेळी घेतलं. "पुंजा, वर ये! वर ये, पुंजा!" तो दोरावरून वर सरकला, तिने सदऱ्याला धरून त्याला आत ओढलं. पुंजा गच्चीवर पालथा पडला.

आता थोरला भाऊ आपले आभार मानील असं तिला वाटलं. इतकी ती खुळी होती. भिमाजीने तिच्या कमरेत लाथ घातली.

"माझ्या भावाला आंधळं केलंस, रांडे!"

"त्यांना डोळं चोळू देऊ नका! चुना हाय, पानी लागंल, लय पानी!"

त्याने जखमी हातानेच तिचे केस धरले, दुसऱ्या हाताने पडलेला बांबू उचलला. पुंजा मध्ये पडला, त्याच्या तोंडावर बांबू बसला आणि दोन दात पडले. कुसाबाई भिमाजीच्या जखमी हाताला कडकडून चावली आणि सुटली. जयरामची मान पकडून तिने ती टाकीच्या नळाखाली दाबली, नळ पूर्ण सोडला, अंगठ्यांनी त्याच्या पापण्या उघड्या धरल्या. दया म्हणून नाही. याचा डोळा गेला तर पुंजाला आणि तिला कुणी जगू देणार नव्हतं. भिमाजीला वाटलं, ही त्याला बुडवून मारते आहे. तो तिच्या पाठीवर बांबू हाणत राहिला. एक, दोन, चार. तिचा श्वास अडकला, पण तिने पापण्या सोडल्या नाहीत.

बऱ्याच वेळाने पापण्यांतून पांढरं गळायचं थांबलं. जयरामने डोळे मिचकावले. लालभडक होते, पण बघत होते. त्याने आधी कुसाबाईकडे बघितलं, मग भावाकडे.

"दादा," तो म्हणाला, "धर हिला. सोडू नको."

चार वर्षांनी तो शब्द कानावर पडला आणि भिमाजीच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्याने रक्ताळलेल्या हाताने धाकट्याला उठवलं, छातीशी धरलं. मग दोघेही तिच्याकडे वळले.

कुसाबाईने कोयता उचलला होता.

"ह्या हातानंच डोळा वाचवला तुझा," ती म्हणाली. "ह्याच हातानं काढीन."

दोघे भाऊ एकमेकांना धरून मागे सरले. पुंजा रक्त थुंकत उठला आणि तिच्या मागून जिना उतरला. मळा ओलांडून दोघं डांबरी रस्त्याला लागली, तेव्हाही कोयता तिच्या मुठीत होता. पुंजाने तो काढून घ्यायचा प्रयत्न केला, पण बोटं उघडेनात. एकेक बोट त्याला सोडवावं लागलं.