बोट उचलायची जागा

सुभद्राबाईच्या मनगटाला नाडा बांधलेला होता, आणि त्याचं दुसरं टोक अर्जुनरावांच्या डाव्या मनगटाला. जुन्या लुगड्याचा काठ फाडून तिनं तो केला होता. म्हातारा नुसता हलला तरी हिच्या हाताला ओढ बसायची. ती चूल असो, मोरी असो, नाडा पुरेल तेवढ्याच अंतरावर वावरायची. पुरला नाही तर सोडायची आणि धावत जाऊन यायची.

मार्गशीर्षात अर्जुनरावांचं उजवं अंग गेलं, आणि वाचाही गेली. दवाखान्यातून घरी आणल्यावर तिसऱ्याच दुपारी सुभद्राबाईचा बसल्याजागी डोळा लागला. तेवढ्यात त्यांना लाळेचा ठसका लागला. ती दचकून उठली तेव्हा त्यांचा चेहरा जांभळा पडला होता. कुशीवर वळवून, पाठीवर थापा मारमारून श्वास आणला. त्याच संध्याकाळी तिनं लुगडं फाडलं. आता वैशाख चालू होता. मधल्या पाच महिन्यांत ती सलग अशी झोपलीच नव्हती. डोळे मिटायचे, पण कान आणि मनगट उघडंच असायचं.

गेल्या गुरुवारी मुलगा आला होता. दिग्विजय चाकणच्या एका कंपनीत सुपरवायझर, राहायला पुनावळ्यात. गुरुवारची सुट्टी असली की यायचा.

"आई, आरशात बघितलंस का स्वतःला?"

"आरशात बघाया येळ हाय कुणाला?"

"तेच म्हणतोय मी. तळेगावला एका ट्रस्टचं केंद्र आहे. चोवीस तास नर्स. स्वच्छ आहे, मी स्वतः बघून आलोय. आवारात मंदिरपण आहे." मग त्यानं आवाज जरा मऊ केला. "आबाच म्हणायचे ना, भागल्यानी जावे देवजागा?"

खाटेवर अर्जुनरावांनी तोंड भिंतीकडे वळवलं. नाडा ताणला गेला.

"हळू बोल. जीभ गेलीया त्यांची, कान न्हाई गेलं."

"मग काय करू सांग! बाई ठेवली, तिला दोन दिवसांत पळवलंस."

"मोबाईल बघत बसायची ती."

"तुझी सून रजा टाकून आली, तिला खाटेजवळ टेकू दिलं नाहीस. उद्या तू पडलीस म्हणजे मी दोघांना कुठं घेऊन फिरू?" तो उठला, चपला घातल्या, पुन्हा आत आला. "पुढच्या गुरुवारी पाच वाजता आबांना न्यायला त्यांची गाडी बोलावतो. तोवर दुसऱ्या कुणाला आबांजवळ बसवून चार तास झोपून दाखव. मी गाडी दारातून परत पाठवतो."

"झोप म्हंजी काय परीक्षा हाय व्हय रं?"

"तुझ्यासाठी आहे," म्हणाला आणि गेला.

त्यानं जे वाक्य बोलून दाखवलं ते घरच्या पोथीतलं. अर्जुनरावांच्या आज्यानं गावच्या देवाची पोथी स्वतःच्या हातानं लिहून ठेवली होती, आणि चाळीस वर्षं अर्जुनरावच ती देवळात वाचायचे. खणखणीत आवाज होता. निम्मी तोंडपाठ होती, डोळे मिटूनही पान उलटायचे. आणि ती ओळ आली की थांबून सांगायचे, "बाबांनो, जो भागला, दमला, त्यानं देवाच्या जागी जावं. दुसरीकडं जाऊन उपयोग न्हाई." गावात कुणाला काही दुखलंखुपलं की तेच सांगणं. सुभद्राबाईलाही. लेक गेली तेव्हाही, जमिनी कंपन्यांच्या कुंपणात गेल्या तेव्हाही ती हायवे ओलांडून टेकडीखालच्या देवळात जाऊन बसली होती.

आता मात्र ते वाक्य तिला टोचायचं. भागलेल्यानं देवाच्या जागी जायचं, आणि तिला तर खाटेपासून चार हात हलता येत नव्हतं. हायवेवर ट्रेलरची रांग, त्यापलीकडं टेकडी, तिथं देव. देव तिकडं, आपण इकडं बांधलेल्या. तिनं बोलून दाखवलं नव्हतं कुणाला, पण मनात येऊन गेलं होतं की त्याच्या लेखी आपण नाहीच.

तरी रोज दुपारी ती पोथी काढायची. अर्जुनरावांना आता मोठ्यानं वाचता येत नव्हतं म्हणून तिनं वाचायची. सुभद्राबाई अक्षर शिकली ती सत्तावन्नाव्या वर्षी, गावच्या शाळेत भाग्यश्री मॅडम दुपारचा वर्ग घ्यायच्या तिथं. तिनं पहिल्यांदा बाहेरचा शब्द वाचला तो विजेच्या पेटीवरचा, "धोका". मग महिनाभर रस्त्यातली प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचत सुटली, तेव्हा अर्जुनराव म्हणाले होते, "अगं, गावाला म्हाईत हाय ते सलून हाय."

मॅडमनी एक सवय लावली होती. अक्षराखालून बोट सरकवायचं आणि शब्द संपला की बोट उचलायचं. छापलेल्या पुस्तकात ते जमायचं. पोथीत अवघड जायचं, कारण आज्यानं कागद वाचवायला दोन शब्दांत फट अशी सोडलीच नव्हती. ओळ सुरू झाली की मुंग्यांच्या रांगेसारखी थेट शेवटपर्यंत. बोट कुठं उचलायचं तेच कळायचं नाही. ती चुकली की अर्जुनराव डाव्या हाताच्या बोटानं खाटेच्या लाकडावर मारायचे, टक. बरोबर वाचेपर्यंत, टक, टक. वाचा गेली पण मास्तरकी राहिली होती.

गुरुवार उजाडला. बारा वाजता उंबऱ्यात बसून ती बाहेर बघत होती. समोर पूर्वी त्यांचंच भुईमुगाचं रान होतं, आता सपाट करून खडी टाकलेली, गाड्या लावायची जागा. एका कडेला टायर बसलेला जुना ट्रेलर उभा, आणि त्याच्यापासून थोड्या अंतरावर उघड्या खडीत टिटवीनं अंडी घातलेली. कुण्या ड्रायव्हरनं बाजूला चार विटा उभ्या करून ठेवल्या होत्या, कुणाचं चाक जाऊ नये म्हणून. पंधरा दिवस सुभद्राबाई त्या पाखराकडं बघत होती. खडी तव्यासारखी तापलेली, आणि ती त्यावर बसून.

"मरायची गं तू बी," ती पुटपुटली.

"कोण मरायलंय, मावशी?" रंभा विचारत आली. रंभा मागच्या खोलीतली भाडेकरू, परभणीकडची. नवरा कंपनीत, ही घरी रबरी वायसरांच्या कडा ब्लेडनं कातरून द्यायची. पोतडी कायम बरोबर.

"ती टिटवी गं. एकली बसतीया उन्हात. ना खाणं ना पाणी."

रंभा हसली. "एकली कुठं? दोघं हायत की."

"मी काय आंधळी हाय? एकच बसलंय."

"एका टायमाला एकच बसतंय. मी रोज धुणं धुताना बघते. आता बघा, नीट बघा, खाटेकडं वळू नका."

दोघी बघत बसल्या. कंपनीच्या भिंतीतून एक पाइप आला होता, त्यातून एसीचं पाणी ठिबकून खाली वीतभर डबकं झालं होतं. त्या डबक्यात दुसरी टिटवी उभी होती. सुभद्राबाईला ती आधी दिसलीच नव्हती. पाखरू पाय मुडपून पाण्यात बसलं, पोट बुडवलं, अंग हलवलं, पुन्हा बुडवलं. मग तुरुतुरु चालत विटांपाशी आलं. बसलेली उठली, बाजूला झाली. आलेलं पाखरू ओल्या पोटानं अंड्यांवर टेकलं. आणि उठलेली? ती ट्रेलरच्या सावलीत गेली, एका पायावर उभी राहिली आणि तिनं डोळे मिटले.

"अंडी गार करायलंय," रंभा म्हणाली. "ओलं पोट घेऊन येतंय दर वेळी."

पंधरा दिवस सुभद्राबाईनं पाखरू पाहिलं होतं, आणि अदलाबदलीच्या नेमक्या क्षणी प्रत्येक वेळी तिची मान खाटेकडं वळलेली असणार. हे पोट बुडवायचं त्याला कुणी शिकवलं असेल? खडीच्या रानात, कंपनीच्या भिंतीला, तेवढंच पाणी कुणी ठेवलं असेल?

"मी बसते की आबांपाशी," रंभानं पुन्हा विचारलं. आठवड्यात सातव्यांदा असेल. "माझं काम काय, कुठंबी बसून होतंय."

"नगं बाई. वाचायचं राह्यलंय अजून."

रंभा मान हलवून भिंतीला टेकली आणि तिथंच वायसर काढून बसली.

सुभद्राबाईनं पोथीचं लाल फडकं सोडलं. बोट अक्षराखाली ठेवलं. आज अक्षरं पाण्यात पडल्यासारखी हलत होती. दोन ओळी झाल्या, चार झाल्या. अर्जुनरावांनी दोनदा टक केलं, तिनं दोनदा सुधारलं. मग ती ओळ आली.

भागल्यानिजावेदेवजागा.

ही ओळ तिला वाचायची गरजच नव्हती, कानांना पाठ होती. पण पाठ म्हणायला डोकं लागतं आणि तेही दमलेलं होतं. बोट मात्र आपलं सरकत राहिलं. "भा-ग-ल्या," ती म्हणाली आणि तिला मोठी जांभई आली. जांभईत बोट उचललं गेलं.

पुन्हा टेकलं ते पुढच्या अक्षरावर. "नि-जा-वे."

टक.

"थांबा वो, वाचतीया न्हवं." बोट उचललं. "दे-व." उचललं. "जा-गा."

टक, टक, टक.

"काय चुकलं?" ती कावली. "हाय तसंच वाचलं मी. भागल्या. निजावे. देव. जागा." आणि ती थांबली. तिनं बोट मागं नेलं आणि सगळं पुन्हा, हळू, एका दमात म्हटलं. "भागल्या, निजावे. देव जागा."

टक करायला अर्जुनरावांचं बोट उचललं होतं. ते तसंच हवेत राहिलं.

रंभाचं ब्लेड थांबलं. "म्हंजे काय वो मावशी?"

"म्हंजी," सुभद्राबाई सावकाश म्हणाली, "अरे दमलेल्या, तू झोप. देव जागा हाय."

अर्जुनरावांनी डावा हात पसरला. पोथी पायजे, असा. तिनं पान त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं. चाळीस वर्षं ज्या पानाकडं न बघता ते वाचत आले होते, ते पान ते बघत राहिले. ओठ हलत होते, आवाज नव्हता. भागल्यानि जावे देवजागा. भागल्या निजावे देव जागा. अक्षर एकही इकडचं तिकडं नव्हतं. आज्याच्या मनात काय होतं ते सांगायला आजा काही उरला नव्हता.

मग त्यांच्या घशातून एक आवाज आला. सुभद्राबाई घाबरून उठली, ठसका वाटला तिला. ठसका नव्हता. म्हातारा हसत होता, अर्ध्या तोंडानं, आणि डोळ्यातून पाणी कानाकडं चाललं होतं.

"सगळ्या गावाला पळवलं तुमी देवळात," ती म्हणाली. "मला बी."

त्यांनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला. आशीर्वादाला ठेवतात तसा नव्हे. दाबला, खाली, चटईच्या दिशेनं.

तिनं दाराकडं पाहिलं. दाराबाहेर ओल्या पोटाचं पाखरू बसलं होतं आणि दुसरं सावलीत एका पायावर निजलं होतं. आपण मागितलेलं पाच महिन्यांत काहीच मिळालं नाही असं तिला वाटत आलं होतं. आता तिच्या लक्षात आलं की तिनं फक्त जागं राहायचं बळ मागितलं होतं, झोप कधी मागितलीच नव्हती.

"रंभे, इकडं ये." तिनं मनगटावरची गाठ दातानं सोडवली. गाठीखाली कातडी पांढरी पडली होती. "हात दे. उजवा नगं, उजव्याचं काम आडंल तुझं."

"मी डावखुरी हाय, मावशी. उजवाच बांधा."

"बरं. हे बघ, ओढ बसली की आधी तोंड बघायचं त्यांचं. कुशीवर वळवायचं. पाणी चमच्यानं, निम्मा चमचा."

"व्हय."

"आन् मला—"

"उठवीन. पडा आता, नाहीतर दारू पाजून निजवीन!"

सुभद्राबाई आडवी झाली. मनगट हलकं लागत होतं, इतकं की ते आपलं नाहीच असं वाटावं. पहिली काही मिनिटं तिचा हात आपोआप खाटेकडं जाऊन नाडा शोधत होता. नंतर शोधेनासा झाला.

मोटरसायकलचा आवाज तिला फार लांबून ऐकू आला. त्यामागून मोठी गाडी थांबल्याचा. उन्हं भिंतीवर कलली असावीत, पापण्यांवर ती तांबूस लागत होती. उठावं असं वाटलं, पण अंग मातीच्या ढेकळासारखं जड झालं होतं.

"आई!" दिग्विजयची हाक उंबऱ्यात. "आईला काय झालं?"

टक.

"हळू बोला ना दादा," रंभा कुजबुजली. "झोपल्यात. एक वाजल्यापासून झोपल्यात. आबांनी पेज खाल्ली, औषध घेतलं. हे बघा, नाडा माझ्या हाताला हाय."

बाहेर गाडीचं इंजिन नुसतं घरघरत होतं.

"कसं काय पण?" त्यानं विचारलं.

"पोथीत निघालं. तिथंच उघडी हाय, वाचा की."

पानाचा आवाज झाला. दिग्विजय कॉलेज शिकलेला, झरझर वाचणारा. "भागल्यानि जावे देव—"

टक!

"बरोबर आहे की आबा. तुम्हीच तर..."

टक, टक.

सुभद्राबाईनं डोळे उघडले नाहीत. तिला ऐकू आलं की पोरगा खाली बसला. चपला काढल्याचा आवाज झाला. मग त्यानं पहिलीतल्या पोरासारखं एकेक अक्षर लावायला सुरुवात केली. "भागल्या." थांबला. टक झालं नाही. "निजावे." थांबला. "देव... जागा."

टक झालं नाही.

त्यानंतर तो बाहेर गेला, ड्रायव्हरशी काहीतरी बोलला, आणि इंजिनाचा आवाज हळूहळू हायवेकडं निघून गेला. समोरच्या खडीवर टिटवी एकदा ओरडली. गाडी जवळून गेली असेल. सुभद्राबाईनं कूस बदलली, मोकळा हात उशाखाली घातला, आणि पुन्हा झोपली.