कडेची जागा

डब्लिनहून बॉस्टनला लेकीकडे निघालेल्या नोरीनने दुखऱ्या गुडघ्यांसाठी विमानात कडेची जागा कधीपासून धरून ठेवली होती. ती बसते न बसते तोच एक तरुण जोडपं समोर उभं राहिलं.

"अहो, आमचं परवाच लग्न झालंय," नवरी काकुळतीला येऊन म्हणाली. "याची जागा तुमच्या शेजारी आणि माझी पार मागे. बदलून द्याल का?"

नोरीन विरघळली, आणि तिथेच फसली. नवरीची जागा शेवटच्या रांगेत, मधोमध, संडासाला टेकून होती. पाठ मागे होईना, पाय पुढे जाईनात. एका बाजूचा घोरत होता, दुसऱ्याने बूट काढले होते. मागे सारखं दार आपटायचं. जेवणाची गाडी तिथवर पोचेपर्यंत कोंबडी संपली. उरला तो गारढोण पास्ता.

"मारिया माते, कुठून अवदसा आठवली मला!" ती पुटपुटली.

अर्धा अटलांटिक ओलांडल्यावर नवरी डोळे पुसत मागे आली.

"अहो, तुमची जागा परत घ्या ना. आमचं भांडण झालंय. मला त्याचं तोंडसुद्धा बघायचं नाही."

गुडघ्यांनी आधीच होकार दिला होता. नोरीन अर्धवट उठलीही. मग खाली बसली आणि तिने पट्टा करकचून आवळला.

"तुमचा संसार सुखाचा व्हावा म्हणून मी इथे संडासाला टेकून बसलेय," ती कडाडली. "आता जा, आणि तो सुखाचा करून दाखव!"